डाव्या पायाचे दोन मिलिमीटर

टॉर्चबाईंचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं, आणि त्यांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जुडग्याला बोटाएवढी टॉर्च. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना ती टॉर्च पेटायची. बुटाच्या आत, डब्याच्या तळाशी, कपाटाच्या मागे. घरी दुधाच्या पातेल्यातसुद्धा. मुलगा चेष्टेनं म्हणायचा, "आई, बाबांना पसंत करताना पण टॉर्च मारून बघितलं असशील तू."

"तेव्हा नव्हती ना माझ्याकडे," त्या म्हणायच्या. "तिथंच फसले."

संशय हा त्यांचा स्वभाव खरा, पण धंदाही तोच होता. कारखान्यात बूट बनायचे ते बधिर पायांचे. शुगरनं म्हणा, जुन्या दुखण्यानं म्हणा, ज्या पायांतली जाणच गेली त्या पायांचे. तुमच्या-माझ्या पायाला बूट चावला तर आपण दोन पावलांत ओरडतो. या पायांना काही कळत नाही. बूट चावत राहतो, माणूस हसत चालत राहतो, आणि आठवड्यानं मोजा काढला की आत जखम. कधी त्यात बोट जातं, कधी अख्खं पाऊल. म्हणून गिऱ्हाईक "छान बसला हो" म्हणालं की टॉर्चबाई उलट जास्तच सावध व्हायच्या. त्या वाकून टॉर्च मारायच्या आणि अंगठ्यानं दाबून दाबून स्वतःच बघायच्या.

कारखाना म्हणजे तीन खोल्या. पहिल्या खोलीत गिऱ्हाइकांचं बाकडं आणि माप घ्यायची चौकट. मधल्या खोलीत सुतारदादा आणि त्यांचं लाकूड कोरायचं मशीन. त्यातून निघायचा फर्मा, म्हणजे त्या माणसाच्या पावलाचा लाकडी जोडीदार. त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. फर्मा बरोबर तर बूट बरोबर. तिसऱ्या खोलीत शिवणारे दोघं, कोपऱ्यात कॉम्प्युटर, आणि भिंतभर जाळीचा रॅक. रॅकमध्ये जुने फर्मे जोडीजोडीनं ठेवलेले, कारण बूट झिजला की त्याच फर्म्यावर दुसरा शिवायचा. रॅकला कुलूप, आणि चावी टॉर्चबाईंकडे.

हे सगळं उभं केलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे टॉर्चबाईंचे यजमान. माणूस हुशार आणि हुशारीच्या दुप्पट हट्टी. बावीस वर्षांपूर्वी पुस्तकं वाचून वाचून त्यांनी स्वतःच कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला. पावलाची मापं टाकली की तो गणित करायचा आणि मशीनला सांगायचा, इथं इतकं कोर, तिथं इतकं सोड. मास्तर जाऊन सात वर्षं झाली, पण प्रोग्राम रोज चालत होता. सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना टॉर्चबाई म्हणायच्या, "थांबा जरा, उठवते त्यांना."

आता त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. मुलानं आणि सुनेनं ठरवलं, पहिल्या तारखेपासून आईनं घरी बसायचं आणि चाव्या सूनबाईकडे द्यायच्या. सूनबाई कॉम्प्युटर शिकलेली. तिचं ऑफिस दुसऱ्या गावी गेलं, तशी ती कारखान्यात येऊन बसली. टॉर्चबाईंना तिथंच वास आला. गुडघ्यांची एवढी काळजी अचानक कुठून उगवली?

त्यात सूनबाईनं जाहीर केलं की बाबांचा प्रोग्राम बदलायला लागणार.

"बदलायला म्हणजे? काय वाईट आहे त्यात?"

"वाईट नाही हो आई. ज्या भाषेत तो लिहिलाय तिची रीत बदलली. जुनी रीत नवीन कॉम्प्युटर चालवणारच नाही. आणि हा जुना किती दिवसांचा सोबती आहे ते ऐकताय ना तुम्ही?"

जुन्या कॉम्प्युटरनं नेमकी तेव्हाच घरघर केली. टॉर्चबाईंनी त्याच्याकडे फितूर माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"कसली रीत?"

सूनबाईनं जरा डोकं खाजवलं. "असं समजा, तुमचा मुलगा आतून ओरडला, 'आईचा चष्मा आण.' कुणाचा आणायचा?"

"माझा."

"आणि तुमची नात ओरडली, 'आईचा चष्मा आण,' तर?"

"तुझा. एवढं कळतं मला."

"जुनी रीत तश्शी. प्रोग्राममध्ये छोटे छोटे तुकडे असतात. तुकड्यात नुसतं एक नाव लिहिलेलं. त्या नावाचा अर्थ काय, तर ज्यानं हाक मारली त्याच्याकडे जे असेल ते. आज एक, उद्या दुसरंच. नव्या रीतीत तसं चालत नाही. ज्या कागदावर नाव लिहिलंय त्याच कागदावर त्याचा अर्थ सापडला पाहिजे, नाहीतर तो बाहेरून हातात आणून दिला पाहिजे. हाक कुणी मारली याच्याशी देणंघेणं नाही."

"म्हणजे घरातल्या प्रत्येक चष्म्यावर नाव घालायचं."

"अगदी!"

"आणि त्याला किती दिवस?"

"नवी रीत लागू करायला फायलीच्या डोक्यावर एक ओळ टाकायची फक्त. मग त्या ओळीनं काय काय मोडलं ते शोधायला तीन आठवडे."

"एका ओळीनं एवढं मोडतं तर टाकतेस कशाला ती?" असं म्हणून टॉर्चबाई उठल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी आपलं स्टूल कॉम्प्युटरच्या मागं तीन हातांवर ओढून घेतलं. त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चोराला चोरी करताना पकडायला त्याची भाषा कळावी लागते असं थोडंच आहे?

पहिल्या दिवशी सूनबाईनं ती ओळ टाकली आणि पडदा लाल झाला. हे नाव कोण, ओळखत नाही. ते नाव कोण, ओळखत नाही. ओळीमागून ओळ.

"मास्तर रुसले," मधल्या दारातून सुतारदादा म्हणाले.

"रुसतील नाहीतर काय," टॉर्चबाईंना आत कुठंतरी गार वाटलं. "परक्या हातानं कुणी उठवलं की ते चिडायचेच."

पण सूनबाई चिकट. रोज सकाळी बसायची, एकेका तुकड्याला काय हवं ते शोधून त्याच्या हातात द्यायची. लाल ओळी कमी कमी होत गेल्या. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पडदा स्वच्छ झाला, आणि टॉर्चबाईंचा संशय दुणावला. मुकाट्यानं चालणाऱ्या गोष्टींवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता.

तसा तो सूनबाईचाही नव्हता. तिनं जुन्या वह्यांतून शंभर जणांची मापं काढली, जुन्या प्रोग्रामातून घातली, नव्यातूनही घातली, आणि दोन्ही उत्तरं छापून टेबलावर शेजारी शेजारी मांडली. लाल पेन्सिल घेऊन बसली. उजवा पाय, बरोबर. डावा पाय, खूण. उजवा, बरोबर. डावा, खूण. तासाभरात डाव्या पायांचा रकाना गोवर आल्यासारखा दिसायला लागला.

"आई," ती म्हणाली, "जरा बघता का? प्रत्येक डावा पाय जुन्या प्रोग्रामात दोन मिलिमीटर कमी निघतोय. सगळे. एकूण एक."

टॉर्चबाईंचा हात नकळत कमरेच्या जुडग्यावर गेला.

"सूज येते म्हणून पायाला थोडी जादा जागा सोडतात ना? बाबांच्या वहीत स्वच्छ लिहिलंय, 'जादा, दोन्ही पायांस सहा.' नवा प्रोग्राम सहा देतो. जुना उजव्याला सहा देतो आणि डाव्याला चार. इतकी वर्षं डाव्या पायाच्या तक्रारी आल्या का हो?"

"एकही नाही," टॉर्चबाई म्हणाल्या. हे जवळजवळ खरं होतं.

"मग वहीत सहा कसे?"

"बदलले असतील त्यांनी मागाहून. त्यांचं गणित चुकत नसे." हे मात्र खोटं होतं, आणि ते खोटं अकरा वर्षांचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी एक माळी आला होता, डाव्या पायाचा अंगठा काळा पडलेला. बूट इथलाच. टॉर्चबाईंनी त्याचा फर्मा काढून कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, लावला, तर डावा दोन मिलिमीटर बारीक. दुसऱ्याचा काढला, तिसऱ्याचा काढला. नवे कोरलेले सगळे डावे बारीक. त्या मास्तरांकडे गेल्या. म्हणाल्या, "डावा घट्ट येतोय हो." मास्तरांनी वही काढली, कागदावर सगळं गणित पहिल्यापासून मांडलं, उत्तर आलं सहा. परत मांडलं, परत सहा. "तुझं कॅलिपर तपासून घे," म्हणाले, आणि दिवसभर बोलले नाहीत. हातानं मांडलं की सहा यायचे आणि मशीनमधून चार, पण मशीनकडे वळून बघायला मास्तर तयार नव्हते. तेव्हा टॉर्चबाईंनी आपला मार्ग काढला. सुतारदादा जेवायला गेले की त्या नव्या डाव्या फर्म्याच्या कडेला पातळ चामड्याची पट्टी सोल्युशननं चिकटवायच्या, घासून एकजीव करायच्या आणि मग शिवायला द्यायच्या. मास्तरांचं गणित बरोबर राहिलं, लोकांचे पायही शाबूत राहिले. घरातली शांतता राहिली ती वेगळीच. मास्तर गेल्यावर तर बोलायचा प्रश्नच मिटला. मेलेल्या माणसाची चूक काढायला टॉर्चबाई काही एवढ्या धीट नव्हत्या.

"मला जुने फर्मे मोजू द्या," सूनबाई म्हणाली. "रॅकची चावी देता?"

"पहिल्या तारखेला."

"आई, पाच मिनिटांचं काम आहे."

"पहिल्या तारखेपर्यंत रॅक माझा. तसंच ठरलंय ना तुमचं नवरा-बायकोचं?"

सूनबाईनं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं. काम नवं असलं तरी उत्तर जुनंच आलं पाहिजे, हा आमच्यातला पहिला नियम. शंभर पाय एवढी वर्षं बिनतक्रार चालले, तर शहाणपणा करणारी मी कोण? नव्या प्रोग्रामात डाव्याला मुद्दाम चार बांधून ठेवते."

मास्तरांची लाज राहिली. टॉर्चबाईंना बरं वाटायला हवं होतं. पण जेवताना दुसराच विचार सुरू झाला. पहिल्या तारखेनंतर पट्टी कोण चिकटवणार? बारा जोड्या नोंदवलेल्या होत्या, पहिली टपालवालीची. टपालवालीची डाव्या पायाची करंगळी बाजारच्या बुटानं आधीच गेलेली. सात महिने घरी बसली होती. आता डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, ती या बुटांच्या जोरावर.

बारा जोड्यांना आपण तारखेआधी पट्ट्या लावू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण सूनबाईनं तेही जमू दिलं नाही. पहिला फर्मा मशीनमधून निघाला तेव्हा ती शेजारी उभी. तिनं स्वतः कॅलिपर लावला, "जादा चार, बरोबर" म्हणाली, आणि थेट शिवणाऱ्याच्या हातात दिला. सुतारदादा जेवायला गेले, तर ही डबा घेऊन फर्म्याशेजारीच जेवायला बसली. टॉर्चबाई दोनदा खोलीत डोकावल्या, दोनदा पाण्याचं निमित्त केलं.

"आई, तहान फार लागतेय आज?"

"उकडतंय."

हिला कळलंय, टॉर्चबाईंना वाटलं. हिला सगळं कळलंय आणि ही मला खेळवतेय.

तिसऱ्या दिवशी टपालवाली आली. बडबडी बाई. बाकड्यावर बसताच म्हणाली, "मावशी, उद्यापासून ड्युटी! सात महिने घरात बसून नवऱ्याला कंटाळा आला माझा, मला नवऱ्याचा." बूट चढवले, उभी राहिली, खोलीत चार फेऱ्या मारल्या. "वा! काय बसलाय हो! जाणवतसुद्धा नाही पायात आहे म्हणून."

"तुला काय जाणवणार," टॉर्चबाई पुटपुटल्या आणि गुडघे धरत खाली बसल्या. टॉर्च पेटवली. उजव्या बुटावर अंगठा दाबला, चामडं जरासं आत गेलं. डाव्यावर दाबला. चामडं तबल्यासारखं ताणलेलं. जिथं करंगळी नव्हती तिथल्या हाडावर ते घट्ट बसलं होतं, आणि टपालवाली वर तोंड करून हसत होती.

बसल्या बसल्या टॉर्चबाईंनी वाट शोधली. पॉलिश राहिलंय म्हणावं, बूट ठेवून घ्यावेत, फर्मा हळूच आणून पट्टी लावावी, डावा परत ताणावा. ही वाचेल. पण पहिल्या तारखेनंतर येणारी पुढची? तिला कळणार नाही, सूनबाईला कळणार नाही, आणि आपण घरी खिडकीशी बसलेल्या असू.

"काढ तो," त्या म्हणाल्या.

"कशाला? छान तर आहे!"

"काढ म्हणते ना. डावा काढ." मग मान वर न करता म्हणाल्या, "सूनबाई, मी तुझ्याशी खोटं बोलले."

कुणी काही विचारायच्या आत त्या उठल्या, रॅक उघडला, एकेक डावा फर्मा काढून टेबलावर ठेवत गेल्या. माळ्याचा, शिक्षिकेचा, बस चालवणाऱ्याचा. नखानं एका पट्टीची कड उचकटली आणि टर्रकन ओढली. खाली कोरं लाकूड.

"मोज आता."

सूनबाईनं कॅलिपर लावला. पट्टीशिवाय जादा चार. पट्टी धरून सहा. दुसरा मोजला. तिसरा मोजला. तिसऱ्या खोलीतले दोघं शिवण थांबवून बघत होते.

मधल्या दारातून सुतारदादा म्हणाले, "वहिनी! म्हणजे सोल्युशनचा डबा तुम्ही संपवत होता? मी अकरा वर्षं उंदरांना शिव्या देतोय!"

"उंदीर सोल्युशन खातात होय?"

"मला वाटलं, इथले खात असतील."

टपालवाली फस्सकन हसली, पण सूनबाई हसली नाही. ती कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. टॉर्चबाई स्टुलावर बसल्या, या वेळी तीन हातांवर नाही, अगदी शेजारी.

"मला वाटलं, रॅकमध्ये बाबांचं काहीतरी ठेवलंय तुम्ही," पडद्याकडे बघतच सूनबाई म्हणाली. "पत्रं वगैरे. म्हणून मी परत मागितली नाही चावी."

"पत्रं! ते कसली पत्रं लिहितात. यादी लिहायचे, तीसुद्धा खिळ्यांची."

बराच वेळ सूनबाई वरखाली वाचत होती. मग तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "सापडलं. हा तुकडा बुटाच्या वरच्या पट्ट्याचा. अकरा वर्षांपूर्वी जोडलाय. पट्टा शिवायला कड हवी, ती चार. त्या चारालाही बाबांनी नाव दिलं 'जादा'. जुन्या रीतीत ते नाव त्या तुकड्याचं स्वतःचं राहिलंच नाही, ज्यानं हाक मारली त्याच्या 'जादा'वरच जाऊन बसलं. प्रत्येक गिऱ्हाइकाची सुरुवात सहापासून होते; उजवा पाय आधी होतो, तेव्हा सहा असतात. मग उजव्याचा पट्टा होतो आणि सहाचे चार होतात. मग डाव्याची पाळी. नव्या रीतीत प्रत्येकाचं 'जादा' आपापल्या घरात राहतं, म्हणून सहा निघत होते. त्यावर मीच चार बांधले." ती वळली. "आई, बाबांचं गणित बरोबरच होतं. सूज सहा, कड चार. नुसतं नाव एकच पडलं."

टॉर्चबाईंनी विचार केला. "दोन्ही तुकडे त्यांनीच लिहिले ना?"

"हो."

"मग चुकलेच की."

हे बोलून झालं आणि आभाळ काही कोसळलं नाही. सुतारदादा आपलं मशीन पुसत होते. टपालवाली एका पायात बूट घालून पाय हलवत बसली होती. टॉर्चबाईंना अकरा वर्षांत पहिल्यांदा मास्तरांशी मनमोकळं भांडल्यासारखं वाटलं.

सूनबाईनं बांधलेले चार सोडले. डावा फर्मा नव्यानं कोरला. टॉर्चबाईंनी तो मोजला, टॉर्च मारून मोजला, उलटा धरून मोजला. सहा. जुन्या फर्म्यांच्या पट्ट्या तशाच राहू द्यायच्या ठरल्या, फक्त सूनबाईनं प्रत्येकावर खडूनं खूण केली, आणि ज्याचा फर्मा नवा कोराल त्याला पट्टी लावायची नाही, असं मोठ्या अक्षरांत रॅकवर चिकटवलं. सोपं नव्हतं ते. टॉर्चबाईंचा हात पहिल्या तारखेपर्यंत सोल्युशनच्या डब्याकडे आपोआप जात होता.

टपालवाली दोन दिवस उशिरा कामावर गेली. "साहेब म्हणतील, बहाणे करते," ती कुरकुरली.

"म्हणू दे. संशय घेणारा साहेब चांगला."

पहिल्या तारखेला टॉर्चबाईंनी चाव्यांचा जुडगा सुनेच्या हातात दिला. टॉर्च आधी सोडवून घेतली. आणि घरी बसायचं ठरलेलं असूनही पंधराव्या दिवशी त्या पहिल्या खोलीतल्या बाकड्यापाशी हजर होत्या, कारण टपालवालीला त्यांनीच बोलावलं होतं.

तिनं मोजे काढले. टॉर्चबाईंनी डावं पाऊल मांडीवर घेतलं. करंगळीच्या जागेवरची कातडी पाहिली, कड पाहिली, टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग उजवं पाहिलं. मग परत डावं. कुठं लालसर ठिपकासुद्धा नव्हता. मागं सूनबाई उभी होती, तिनंही वाकून पाहिलं.

"परवा परत ये," टॉर्चबाई म्हणाल्या.

टपालवालीचा चेहरा पडला. "का हो मावशी? काही आहे का?"

"काही नाहीये," टॉर्च विझवत त्या म्हणाल्या. "म्हणूनच ये."